रतनीची धार

कोल्हापूर
५ ऑक्टोबर १९७४

ती. आक्कास,
नजीराचा सलाम.

पाकिटावरचं अक्षर बघून म्हणाली असशील, हिला बरी आज आठवण झाली! झाली खरी, आणि कामापुरतीच झाली, ते आधीच सांगून टाकते. मला तुझी रतनी पाहिजे. विकत नको, इथं आणायलाही नको. ती तुझ्याच गोठ्यात राहील, तुझीच वैरण खाईल. फक्त ती आटवायची वेळ आली आहे असं तू मागं लिहिलं होतंस, ते आटवणं माझ्या पद्धतीनं करायचं. अब्बा कापसाची पिंजण घेऊन तुमच्याकडं मुक्कामाला यायचे तेव्हापासून तुमच्या गोठ्यात माझा वावर, म्हणून हक्कानं मागते.

आता हे सगळं कशाला, ते ऐक. म्हैस आटली की आपण म्हणतो दूध संपलं. पण कासेत दूध तयार करणाऱ्या पेशी असतात, लाखोंनी, डोळ्यांना न दिसणाऱ्या. धार थांबली की त्यांना काम उरत नाही आणि हळूहळू त्या मरतात. कुजून नाही मरत, अगदी शिस्तीत मरतात. आणि त्याच्या आधी आपल्याच पोटातला पसारा मोडून खातात. याला आम्ही स्वभक्षण म्हणतो. माझ्या पीएच.डी.चा विषय हाच आहे.

आमचे मार्गदर्शक सयाजीराव सरनोबत सर म्हणतात, पेशी स्वतःला खायला लागली की ती मेलीच म्हणून समजा. मला हे पटत नाही. तंगीत माणूस दागिने मोडून खातो, म्हणून काय त्याचं तेरावं घालायचं? माझं म्हणणं, पेशी खाते ती तगून राहायला. मरण आलंच तर नंतर येतं. सरांचं खरं की माझं, ते रतनी आणि गावातल्या आणखी तीन म्हशी सांगतील. ज्ञानूनं त्याची बांडी म्हैस द्यायचं कबूल केलं आहे.

अट एकच. तुम्ही आधी एक वेळ सोडता, मग दिवसाआड पिळता, तसं करायचं नाही. पंधरा तारखेच्या सकाळपासून धार एकदम बंद. मलकापूरचे गुरांचे डॉक्टर तिसऱ्या, सातव्या आणि बाराव्या दिवशी येऊन सुईनं कासेतला तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतील. तो मुंबईला मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली जाईल. रतनीला मुंगी चावल्याइतकंच दुखेल. तुला जास्त दुखेल, ते मला ठाऊक आहे.

हो म्हण.
तुझी नजीरा

---

मलकापूर
९ ऑक्टोबर १९७४

चि. नजीरास,
आक्काचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून आमचं मालक म्हणालं, लोकं पोरीला शिकवून बालिस्टर करत्यात, तिच्या अब्बानं, शमशुद्दीननं, म्हशीची कास तपासणारी केली. मी म्हटलं, गप बसा. बालिस्टर काय, गल्लोगल्ली हायत.

रतनी घे की. इचारतीस कशाला? पर एकदम धार तोडायची ह्ये मला पटत न्हाई. कास टरारून फुगतीया, म्हस रातभर वरडतीया. तरी तू म्हणतीस तर करतो. तुज्या त्या पेशी का काय त्या खाईनात तर उपाशी राहीनात, माज्या म्हशीला काय झालं तर मात्र मी कोल्हापुरात येऊन तुज्या सरांच्या दारात बसणार, ह्ये आत्ताच सांगून ठेवतो.

आणि तुजं सर म्हंत्यात ते खोटं, तू म्हंतीस तेच खरं. मला त्यातलं काय कळत न्हाई, पर तू ल्हान असल्यापास्नं हट्टाला पेटलीस की तुजंच खरं व्हतंय, ह्येवढं ठावं हाय.

आक्का

---

मलकापूर
२८ ऑक्टोबर १९७४

चि. नजीरास आशीर्वाद.

डॉक्टर तिन्ही येळंला येऊन गेलं. रतनीनं पहिल्या खेपंला त्येंच्या मांडीवर लाथ घातली, मग शानी झाली. बाटल्या बर्फात घालून त्येंनी सोताच नेल्या.

दुसरी खबर म्हंजे तुजं सर येऊन गेलं! आंबा घाटाकडं बेडकं धरायला निघालतं, म्हटलं वाटंत तुजं काम बगून जावं. आनि आमच्या दारातच जीपचा पाटा मोडला. नवा पाटा कोल्हापुरातनं येईस्तोर दोन दिस मुक्काम पडला. मानूस रुबाबदार हाय. मिशा भारी. जेवायला लाजत न्हाई, ह्ये मला लई आवडलं. जाताना म्हणालं, आक्का, असलं दूध कोल्हापूरच्या दूध-कट्ट्यावर उभं राहून पण कधी पिलो न्हाई.

पाहुणचारात मी काय कमी पडू दिलं न्हाई. तुजी मान खाली जायला नको.

आक्का

---

कोल्हापूर
२० जानेवारी १९७५

ती. आक्कास,
सलाम.

मुंबईहून फोटो आले. चारही म्हशींचा तिसरा दिवस अगदी मी म्हटलं तसा आहे. पेशीच्या पोटात लहान लहान पिशव्या दिसतात, आणि त्या पिशव्यांत तिचेच तुकडे, अर्धे पचलेले. आक्का, असं चित्र मी आजवर फक्त परदेशी मासिकांत पाहिलं होतं. हे आपल्या मलकापूरचं! मी प्रयोगशाळेत एकटीच मोठ्यानं हसले.

पण सातव्या दिवशी घोटाळा आहे. तीन म्हशींत पेशींनी आणखी खाल्लं आहे, तशीच अपेक्षा होती. रतनीत मात्र त्या पिशव्या जवळजवळ नाहीतच. पेशी गुबगुबीत आहेत, दुधाच्या थेंबांनी भरलेल्या, जशी काही तिची धार कधी थांबलीच नव्हती.

सरांनी सगळ्यांसमोर फोटो टेबलावर टाकला आणि म्हणाले, बाटल्या बदलल्यात. ही दुभत्या म्हशीची बाटली आहे. मी म्हटलं, बाटल्यांवर नावं माझ्या हातची, आधीच लिहून पाठवलेली, बदल होणं शक्य नाही. तर म्हणाले, बाई, निष्काळजीपणा करणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. मार्चमध्ये ते माझा अहवाल पाठवणार. त्यात 'नमुन्यांची अदलाबदल' एवढे दोन शब्द जरी आले, तरी माझं काम बंद. वर तिथून पुढं कुठलीही प्रयोगशाळा मला दारात उभी करणार नाही. चुकीचं अनुमान चालतं आक्का, आमच्यात रोज कुणी ना कुणी चुकतं. पण जिच्या बाटल्यांवर भरवसा नाही तिला काय करायचं?

मी बाटल्या बदललेल्या नाहीत. तेव्हा तुला विचारते, पंधरा ते बावीस तारखेत रतनीला काही झालं होतं का? कुणी तिची धार काढली का?

नजीरा

---

मलकापूर
२७ जानेवारी १९७५

चि. नजीरास आशीर्वाद.

रतनीला काय व्हायचंय? म्हस धडधाकट हाय. त्या आठवड्यात तिला सरकी जरा जास्त घातलेली, तेनं पेशी गुबगुबीत झाल्या आसतील. तू पण जरा खात जा. गेल्या खेपंला बगितलं तर नुसती काडी झालीस.

सरांना माजा नमस्कार सांग. चांगला मानूस हाय, त्येंच्याशी भांडू नगंस.

आक्का

---

कोल्हापूर
३० जानेवारी १९७५

आक्का,

सरकीनं पेशी परत दूध करायला लागत नाहीत. मी विचारलं होतं, धार काढली का. तू सरकीवर बोललीस, माझ्या तब्येतीवर बोललीस, सरांच्या स्वभावावर बोललीस. धारेवर एक अक्षर नाही. ज्या दिवशी तुझ्याकडं सांगण्यासारखं काही नसतं त्या दिवशी तू चार पानं लिहितेस, आणि आज पोस्टकार्डावर भागवलंस.

मी रागावणार नाही. अब्बांची शपथ. पण खरं काय ते मला कळलं नाही तर लोक मला गबाळी म्हणतील आणि ते मला सहन होणार नाही. काय वाट्टेल ते म्हणा, गबाळी नाही.

नजीरा

---

मलकापूर
३ फेब्रुवारी १९७५

चि. नजीरा,

व्हय. पिळली. मीच पिळली.

आता ऐक कशापायी. एकोणीस तारखेला दुपार कलल्यावर तुजं सर दारात उभं. संगं दोन मास्तर. जीप मोडलेली. आमची दुसरी म्हस तवा व्यायला टेकलेली, घरात दुधाचा टिपूस न्हाई. तू सांग, नजीराचं सर पहिल्यांदा माज्या उंबऱ्यात आलं, त्येंना कोरा चा देऊ? का शेजारच्या बाळाबाईकडं तांब्या घिऊन जाऊ, आनि उद्या तिनं गावभर करावं, आक्काच्या घरात म्हशी दोन आनि पावण्याला दूध आमचं? जीव गेला तरी मी असलं करायची न्हाई. गोठ्यात गेलो, रतनीच्या पाठीवर हात फिरवला, म्हटलं बाई, अब्रू राख.

पहिली धार लई खारट लागली, ती वतून दिली. सांजची पण खारटच, पर जरा कमी, म्हणून चात घातली. सर म्हणालं, आक्का, चात मीठ पडलं काय? मी म्हटलं, आमच्या हिरीचं पानीच तसं हाय. दुसऱ्या दिशी सकाळची धार गोड निघाली. ती पेल्यातनं दिली, वर फेस. तिथनं पुढं ते जाईस्तोर दोन्ही येळा पिळली. गेल्यावर लगीच सोडली.

एकदा पिळल्यानं काय आभाळ कोसळतंय, असं वाटलं. तुजं येवढं अडकंल ह्ये ठावं असतं तर... खरं सांगू? तरी पण पिळली असती.

पर आता माजं एक ऐकायचं. ह्ये सरांच्या म्होरं बोलायचं न्हाई. आमच्या घरात पावण्याला पाजलेलं कधी कुणी बोलून दाखवलं न्हाई. मानूस घरी येऊन दूध पिला, आनि मागनं त्येला म्हणायचं, तू पिलास म्हणून घोटाळा झाला? त्यापरास मी म्हस इकीन. म्हस पिळली येवढं सांग. कशापायी पिळली, ते सांगायचं न्हाई. तुला माजी आण हाय.

आक्का

---

कोल्हापूर
६ फेब्रुवारी १९७५

माझी आक्का,

तुझं पत्र मी उभ्यानंच चार वेळा वाचलं. तू काय केलंस ते तुला ठाऊक तरी आहे का? अगं, चार दिवस धार बंद होती. पेशी स्वतःला खात होत्या, तिसऱ्या दिवसाचा फोटो माझ्या टेबलावर आहे. आणि तू पिळलीस तशा त्या थांबल्या, सावरल्या, परत दूध करायला लागल्या! म्हणजे त्या मेलेल्या नव्हत्या. मी वर्षभर तोंडानं भांडत होते ते तू एका संध्याकाळी हातानं करून बसलीस, तेही चुकून. मला तुझा राग यायला हवा होता. येतच नाही. खारट धार गोड झाली हे तर मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. आता तेही मोजायचं.

सरांकडं गेले. बाटल्या बदलल्या नाहीत, रतनीची धार मधेच काढली गेली, एवढं सांगितलं. कशासाठी, म्हणाले. घरची अडचण, म्हटलं. सर हसले. म्हणाले, आता सुचलं हे? माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं आक्का, की सर, ती अडचण मिशीला फेस लावून तुम्हीच प्यायलात. जीभ चावली. तुझी आण नसती तर मी ते तिथंच, सगळ्यांच्या देखत बोलले असते आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नसतं.

मग मीच म्हटलं, मला एक हंगाम द्या. या खेपेला धार मुद्दाम मधे काढते, काही म्हशींची चौथ्या दिवशी, काहींची पार उशिरा. चौथ्या दिवसाच्या पेशी परतल्या नाहीत, तर अहवालात जे लिहाल त्याखाली मी सही करते आणि जाते. सर हो म्हणाले. पण त्या खोलीत सगळ्यांना वाटतंय की मी गाठोडं बांधायला वेळ मागून घेतला.

मी गाठोडं बांधत नाही. दिवाळीच्या आधी मला सहा म्हशी लागतील. तू ज्ञानूला आणि बाकीच्यांना तयार कर. तुझ्या आवाजापुढं कोण नाही म्हणणार?

आण पाळीन. अवघड आहे, पण पाळीन.
नजीरा

---

मलकापूर
२ नोव्हेंबर १९७५

चि. नजीरास आशीर्वाद.

सहाच्या सहा म्हशी झाल्या. तू सांगितलंस त्या दिशी धारा काढल्या, आधी न्हाई आनि मागनं न्हाई. मधी ज्ञानूकडं जावईबापू आलं, ज्ञानूची बायको तांब्या घिऊन गोठ्याकडं निघाली, मी दारात आडवी पडलो. म्हटलं, आधी मला तुडव, मग म्हशीला हात लाव. जावई गूळ-पानी पिऊन गेला. ज्ञानूची बायको अजून माज्याशी बोलत न्हाई.

मला काय वाटतंय सांगू? भ्या वाटतंय. माज्यासाठी न्हाई, तुज्यासाठी. माज्या एका हट्टापायी तू वरीसभर लोकांचं ऐकून घेतलंस. लगीच कळव.

आक्का

---

कोल्हापूर
१२ डिसेंबर १९७५

ती. आक्कास,

परतल्या. चौथ्या दिवशी धार काढलेल्या सगळ्या म्हशींच्या पेशी परतल्या, रतनीच्या फोटोशेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत इतक्या सारख्या. उशिरा धार काढलेल्यांच्या मात्र परतल्या नाहीत, तिथं कासेत नुसत्या रिकाम्या जागा उरल्या होत्या. म्हणजे स्वभक्षण वेगळं आणि मरण वेगळं. दोन्हींच्या मधे एक हद्द आहे, आणि त्या हद्दीच्या अलीकडून पेशी माघारी येते. मी म्हटलं होतं की नाही?

पण तुला लिहायचं ते हे नाही. काल सरांनी प्रबंधाचा कच्चा खर्डा वाचायला घेतला. मी समोर बसले होते. फोटो झाले, मान डोलावली, एकदाही हटकलं नाही. मग ते दुधातल्या मिठाच्या तक्त्यावर आले. थांबलेली धार परत सुरू केली की पहिलं दूध खारट, पुढचं कमी खारट आणि त्याच्या पुढचं गोड, असं प्रत्येक म्हशीत निघालं होतं. सर तिथंच थांबले. बोट त्या ओळीवर तसंच ठेवून त्यांनी विचारलं, रतनीची धार कुठल्या तारखेला काढली होती?

मी तारीख सांगितली.

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या संध्याकाळचा चहा खारट होता."

मी खाली बघितलं. आक्का, तुझी आण आठवून मी तोंड घट्ट मिटून बसले.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हो सर."

"मी तुम्हाला सगळ्यांसमोर निष्काळजी म्हणालो, तेव्हाही?"

"हो. पाहुण्याला पाजलेलं बोलून दाखवायचं नाही, असं आक्कानं बजावलं होतं."

सर उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, आता चिडतील. रागीट माणूस आहे, आणि इतकी वर्षं त्यांना चूक म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. परत येऊन बसले आणि खर्ड्यातलं ते वाक्य शोधून काढलं. मी लिहिलं होतं, 'चौथ्या दिवशी घरगुती कारणाने धार काढण्यात आली.' त्यांनी 'घरगुती कारणाने' वर काट मारली आणि पेनानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'संशोधिकेचे मार्गदर्शक पाहुणे म्हणून आले असता त्यांना दूध देण्यासाठी.' खाली स्वतःचं नाव घातलं. मी म्हटलं, सर, परीक्षक वाचतील, बाहेरगावचे लोक वाचतील. म्हणाले, वाचू देत की. बाटल्या बदलल्या होत्या असं मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांना हे वाचून दाखवणार आहे. आज दुपारच्या चर्चेपासूनच सुरुवात करतो.

आणि खरंच केली. भर वर्गात, उभं राहून. शेवटी म्हणाले, खाणारी पेशी मेलेली असते हे माझं मत होतं, ते मी आज मागं घेतो.

मी बाहेर व्हरांड्यात आले आणि रडले. वर्षभर एकदाही रडले नव्हते. आनंदानं रडले, आणि थोडं रागानंही, ते तुझ्यापासून कशाला लपवू?

पण आक्का, मला काळजी तुझी वाटते. ते वाक्य आता छापलं जाणार. तुझ्या घरची रीत मोडली असं तुला वाटत असेल, तर सांग. मी सरांच्या पाया पडून ते काढून टाकायला लावीन.

तुझी नजीरा

---

मलकापूर
१७ डिसेंबर १९७५

चि. नजीरास,
आक्काचा लई लई आशीर्वाद.

पत्र मालकांनी मोठ्यानं वाचलं, मी चुलीपाशी बसून ऐकलं. भाकरी करपली. करपू दे म्हटलं.

ते काढायचं न्हाई. मी बोललो न्हाई, तू बोलली न्हाईस. पाजलं आमी, आनि बोलून दाखवलं पिणाऱ्यानं. ह्यात आमची रीत कुठं मोडली? उलट त्या मानसानं आमची रीत राखली. येवढ्या मोठ्या मानसाला चारचौघात आपली चूक सांगायची म्हंजे काय सोपं न्हाई. मला त्येंचा लई मान वाटला.

तुजा राग पण मला पोचला. तो खरा हाय. तुज्या तोंडाला कुलूप मी लावलं आनि किल्ली माज्यापाशी ठेवून निवांत बसलो. रोज दिवा लावताना वाटायचं, पोरीला मोकळं करावं. केलं न्हाई. तू ते निभावलंस. शमशुद्दीन आज असता तर त्येला मी म्हणालो असतो, तुजी पोरगी तुज्यापरास माज्या आईवर गेली, ती पण दिलेला शब्द अशीच राखायची.

मालक इचारत हुते, त्या पुस्तकात रतनीचं नाव हाय, सरांचं हाय, नजीराचं तर पुठ्ठ्यावरच हाय, मग तुजं कुठं हाय? मी म्हटलं, माजं कशाला पायजे? दूध कुणी दिलं ते पावण्याला ठावं हाय. तेवढं बास झालं.

आक्का